मेच्या उन्हात जहाजाच्या पट्ट्या सुटल्या, फटी आता भरू की थांबू?

लोकोशेडवाला, भुसावळ · १४ मे

मंडळी, नमस्कार. इतके दिवस मी इथं नुसता वाचून जायचो. आज लिहायला बसलो, कारण मी घरात जहाजाची लाकडी प्रतिकृती बांधतोय आणि काल दुपारी दोन वाजता त्या जहाजातून आवाज आला.

खरंच आला. ‘टक्’ असा. जेवून दिवाणावर पडलो होतो, कूलर चालू होता. वाटलं, भिंतीवरून पाल पडली. मग पुन्हा ‘टक्’. उठून चष्मा लावला तर जहाजाच्या डाव्या अंगाला, तळाच्या कण्यापासून सात-आठ पट्ट्या वर, लांबीला फट पडलेली. अंगठ्याचं नख आरामात आत जातंय. मागच्या दसऱ्याला याच जागेवर हात फिरवला होता तेव्हा सांधा कुठाय ते बोटाला कळत नव्हतं.

आधी जहाजाबद्दल सांगतो. रेल्वेत ३४ वर्षं फिटर होतो, लोखंडाशी संसार केला. लाकडाचा हा पहिलाच नाद. जहाज आहे ‘ट्रिंकोमाली’. इंग्रजी आरमाराची फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची युद्धनौका, पण बांधली मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांनी, मलबारच्या सागात. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांचा ओक संपत आला होता, म्हणून काम इकडे आलं. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे आणि अजून पाण्यावर तरंगते. दोनशे वर्षांनी! आणि माझी आठ महिन्यांत फाटली.

तिची एक गोष्ट मला फार आवडते. तिचे नकाशे पहिल्यांदा मुंबईकडे निघाले ते ‘जावा’ नावाच्या जहाजातून. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेनं जावाला गाठून संपवलं, नकाशे तळाशी गेले. दुसरी प्रत येऊन कणा बसवायला १८१६ उजाडलं. माझे नकाशेही असेच बुडाले, फक्त समुद्राऐवजी झेरॉक्सच्या दुकानात. पोरानं ‘फिट टू पेज’ करून छापले. मी पहिले सहा सांगाडे कापून झाल्यावर कण्यावर ठेवून बघतो तर सगळेच जरा बारके. पट्टीनं मोजलं, चार टक्क्यांचा फरक. सहाही चुलीत गेले. तेव्हापासून छापील कागदावर आधी दहा सेंटिमीटरची रेघ मोजल्याशिवाय मी पैसे देत नाही. हे ज्यांना नवीन काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी, फुकट.

प्रमाण १:७२. खऱ्या जहाजाचा तोफांचा मजला १५० फुटांवर थोडा, म्हणजे माझ्याकडे साधारण ६३ सेंटिमीटर. पुढचं टोक आणि डोलकाठ्या धरून सौ.नं दिलेल्या कोपऱ्यात मावत नाही, पण तो वेगळा विषय. आतले आडवे सांगाडे ४ मिलिमीटर प्लायवूडचे. वरच्या पट्ट्या सागाच्या, ४ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड. साग बाजारातला नाही. यावलला एक जुना वाडा पाडत होते, तिथून दाराची चौकट आणली. लाकूड वयानं माझ्यापेक्षा मोठं. पट्ट्या कापायला मिक्सरच्या मोटारीवर छोटी गोल करवत बसवली आहे, त्या दिवसापासून घरात चटणी पाट्यावर.

लाकडी खिळ्या बांबूच्या. हे आमच्या शेजारच्या सोनार मित्रानं सुचवलं. चांदीची तार बारीक करायची त्याची जंत्री असते ना, पोलादाची भोकं-भोकंवाली पट्टी, तिच्यातून बांबूची काडी ओढायची. एकेक भोक लहान करत ०.६ मिलिमीटरवर आणायची. सागाची काडी अर्ध्यात तुटते, बांबू तुटत नाही. एका अंगाला बाराशेच्या आसपास खिळ्या बसल्या. आणि वाडियांच्या पद्धतीप्रमाणे कण्यात एक चांदीचा खिळाही आहे. ट्रिंकोमालीच्या कण्यात ठोकला होता, मग माझ्यात का नको? सौ.चं एक जोडवं झिजून तुटलं होतं, त्याचा तुकडा. तिला विचारून घेतला. ती म्हणाली, “घ्या, पण मोडीत द्यायची वेळ आली तर जहाजासकट देईन.”

आता मुद्दा. पट्ट्या मी पोळ्याच्या आसपास चिकटवायला घेतल्या, दसऱ्याला शेवटची बसली. म्हणजे सगळं काम पावसाळ्यात. पट्टी गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची, सोल्डरिंगच्या इस्त्रीवर वाकवायची, पांढरा गम लावून पिनांनी धरायची. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. आतून काहीच नाही. डेक अजून टाकलेला नाही.

सध्याची स्थिती: डाव्या अंगाला पाच फटी, उजव्याला तीन. सर्वांत मोठी दीड मिलिमीटर रुंद, अकरा सेंटिमीटर लांब. काल बाहेर ४५ होतं. ऑनलाइन तीनशे रुपयांचा आर्द्रता मीटर घेतलाय, तो दुपारी कूलर बंद असताना १२ टक्के दाखवतो, कूलर लावला की तासाभरात ५८. रात्री लाइट गेली की परत खाली.

पुतण्या म्हणतो एपॉक्सी गोंद ओता आणि घासा. मी म्हणतो सागाचा भुसा गमात कालवून भरावा. सौ. म्हणते पावसाळ्यापर्यंत हात लावू नका. कोणाचं ऐकू?

केळीवाला, रावेर · १४ मे

भाऊ, जहाज तापीत सोडायचं असेल तर हतनूरच्या धरणाचे दरवाजे कधी उघडतात ते सांगतो.

गंमत सोडा. मी असतो तर फट तशीच ठेवली असती. जुनं जहाज आहे, दिसू द्या जुनं. आमच्याकडच्या माळवदाच्या घराची दारं बघा, उन्हाळ्यात फटीतून ऊन येतं, श्रावणात तीच दारं लागत नाहीत. घर काय पाडायचं का?

सुतारदादा, नवापूर · १४ मे

लोकोशेडवाले दादा, फट भरू नका. भुशानं नको, एपॉक्सीनं तर मुळीच नको. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, फक्त कारण मी सांगतो.

तुम्ही कधी बैलगाडीचं चाक बघितलं असेल. उन्हाळ्यात चाकाचे लाकडी पुठ्ठे सुकतात आणि त्यांच्यावरची लोखंडी धाव सैल होते. शेतकरी काय करतो? धाव काढून ठोकत बसत नाही, चाक ओढ्याच्या पाण्यात टाकतो. लाकूड पाणी पितं, धाव घट्ट. तुमच्या जहाजात हेच झालंय, फक्त उलट्या बाजूनं. तुम्ही पावसाळ्यात, वरून भिजवून, फुगलेली पट्टी बसवली. ती मेमध्ये आकसली. आतला प्लायवूडचा सांगाडा आडवा-उभा थर लावलेला असल्यानं जवळपास हलत नाही. सांगाडा जागेवर, कातडी लहान झाली. कुठंतरी फाटणारच.

आता हिशोब. साग हिरव्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या आडव्या दिशेनं अडीच टक्के आकसतो आणि वलयांच्या कडेकडेनं साडेपाच टक्क्यांच्या आसपास. लांबीत जवळपास नाही. भुसावळच्या पावसाळ्यातून भुसावळच्या मेमध्ये यायचं म्हणजे त्यातला अर्ध्याला जरा कमी प्रवास धरा. ४ मिलिमीटरच्या एका पट्टीचं आकसणं ०.१ मिलिमीटर. डोळ्याला दिसत नाही. पण तुमच्या एका अंगाला किती पट्ट्या आहेत? २५-२६? त्या सगळ्या गमानं एकमेकींना धरून आहेत, म्हणजे ती आता शंभर मिलिमीटरची एकच फळी झाली. तिचं आकसणं अडीच मिलिमीटर, आणि ते बाहेर पडणार जिथं गम सर्वांत कमजोर तिथं. म्हणून एक मोठी फट आणि तीन-चार लहान. पांढरा गम उन्हात जरा नरमही पडतो, तेही आहेच.

आता समजा तुम्ही ती दीड मिलिमीटर आज भरली. जुलैत पट्ट्या परत फुगणार आणि त्यांना जागा नसणार. मग पट्टी बाहेर फुगते किंवा सांगाड्यावरून उखडते. फट झाकता येते, फुगवटा झाकता येत नाही.

एक तपासा. पट्टीचं टोक भिंगाखाली बघा. वलयांच्या बारीक रेघा पट्टीच्या रुंदीला काटकोनात उभ्या आहेत की आडव्या झोपल्या आहेत? उभ्या असतील तर हालचाल अर्धी. पुढच्या वेळी चौकटीचं लाकूड आधी उभ्या रेघा येतील अशा बाजूनं चिरा. तेवढ्यानं निम्मा आजार जातो.

जवसाच्या तेलाबद्दल: तेलानं चमक येते, हवेतली वाफ अडत नाही. वाफ अडवायला चपडी लाख. स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात, तीन-चार. आणि बाहेर जितके तितकेच आतून. आमच्याकडं टेबलाच्या फळीला वरून पॉलिश आणि खालून कोरं सोडलं की फळी पापडासारखी वळते, हे शिकायला मला दोन गिऱ्हाइकं गमवावी लागली. तुमचा डेक अजून टाकलेला नाही हे तुमचं नशीब. आत ब्रश जातो तोवर आतून लाख मारून घ्या.

बाकी तुमच्या जहाजाचा साग मलबारचा, पण मुंबईच्या गोदीला पुढं आमच्या शेजारचाही साग गेला. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं ते सागासाठीच. आमचा आजा सांगायचा, डांगातलं चांगलं लाकूड आधी दर्यात जायचं, उरलेलं घरात.

लोकोशेडवाला · १५ मे

दादा, भिंगाखाली बघितलं. झोपलेल्या रेघा. सगळ्या. चौकट चिरताना लाकूड वाया जाऊ नये म्हणून रुंद बाजूनं चिरली होती. वाचवलं ते इथं फुटलं.

मग आता नेमकं करू काय? पट्ट्या उखडायच्या म्हणाल तर अडीच हजार खिळ्या आहेत, मी उखडणार नाही, स्पष्ट सांगतो.

सुतारदादा, नवापूर · १५ मे

उखडू नका. मधल्या हवेत आणा. एक बंद पेटी घ्या, जुना फ्रीज असेल तर उत्तम. त्यात जहाज, एक ओलं फडकं ताटलीत, आणि तुमचा मीटर. ४५ ते ५० टक्क्यांवर आठ-दहा दिवस ठेवा. फडकं जहाजाला लागता कामा नये. फट आपोआप अर्ध्यावर येईल. जी उरेल ती वर्षभराची सरासरी फट समजा, तेवढीच भरा. तीही भुशानं नाही, त्याच चौकटीच्या बारीक पाचरांनी. पाचर कागदाएवढी तासायची, एकाच कडेला गम लावायचा आणि बोटानं दाबायची, हातोडी नाही. लगेच दोन्हीकडून लाख. लाख बसली की हालचाल थांबत नाही, हळू होते. तेवढं पुरे.

काचनळी, धुळे · १६ मे

शाळेत रसायन शिकवतो, लाकडातलं कळत नाही. पण तीनशे रुपयांच्या मीटरच्या भरवशावर दहा दिवस घालवण्याआधी तो मीटर तपासा.

बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळता कामा नये, ओला लगदा हवा. ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात ठेवा, पाणी मीटरला लागू देऊ नका. आठ-दहा तासांनी आत ७५ टक्के आर्द्रता होते, खोलीतलं तापमान थोडं इकडं-तिकडं असलं तरी. मीटर ७५ ऐवजी जे दाखवेल तेवढी त्याची चूक. सरळ वजा-बेरीज करायची. तुमचा १२ टक्क्यांचा आकडा मात्र तितका मनावर घेऊ नका. इतक्या कोरड्या हवेत हे स्वस्त मीटर वाट्टेल ते बोलतात.

कोणी म्हणेल, मग काचेच्या पेटीतही मिठाचा लगदा ठेवू. नको. ७५ म्हणजे बुरशीला आमंत्रण. पुढं पेटी कराल तेव्हा तळाशी कप्पा करून त्यात धुतलेलं सुती कापड किंवा कोरा कागद ठासून भरा. कापूस आणि कागद हवेतला ओलावा पितात आणि सोडतात, त्यामुळे आतली हवा बाहेरच्याइतकी उड्या मारत नाही. कापसाच्या मुलखात राहतो आपण, एवढं तरी परवडेल.

डोलकाठी, रत्नागिरी · १७ मे

खान्देशात जहाज! वाचून बरं वाटलं. थोडं बोलू का?

खऱ्या लाकडी जहाजातही हीच भानगड असते, फक्त तिथं ती कामाला लावलेली आहे. होडी नवीन पाण्यात उतरवली की पहिल्या दिवशी पाणी शिरतं, मग फळ्या फुगतात आणि सांधे मिटतात. आमच्याकडं होडी किनाऱ्यावर उन्हात फार दिवस पडली की वरच्या फळ्या उघड्या पडतात, जाणता माणूस पाणी मारत राहतो. मुंबई-सुरतेच्या जुन्या बांधणीत फळीच्या कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवायचे, मध्ये कापूस आणि राळ. नुसती फळीला फळी टेकवायचे नाहीत. तुम्ही टेकवल्या आहेत, म्हणून फट आरपार दिसते. पुढच्या जहाजाला खाच पाडा. १ मिलिमीटर जाडीत पाडता आली तर मला फोटो दाखवा, मी पाया पडेन.

‘कणा’ म्हणताय त्याला आमच्याकडं पठाण म्हणतात, पुढच्या टोकाला नाळ. शब्द फुकट आहेत, घ्या.

आणि एक तक्रार. इंग्रजांचं जहाज कशाला? कान्होजी आंग्र्यांचं गुराब, त्यांचं लढाऊ जहाज, करायचं होतं.

लोकोशेडवाला · १७ मे

डोलकाठीभाऊ, शब्द घेतले. पठाण माझ्या वहीत लिहिला, आता कणा म्हणणार नाही.

गुराबाचं म्हणाल तर पहिला विचार तोच होता. दोन महिने त्यात घालवले. अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी लिहून ठेवलेलं वर्णन वाचलं. दोन डोलकाठ्यांचं गुराब दीडशे टनांचं, तीन डोलकाठ्यांचं तीनशेच्या आसपास. पाण्यात उथळ, लांबीच्या मानानं रुंद, पुढं टोकदार नाळ लांब आलेली आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा. सोबत गलबतं, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, काहींना तर वजन कमी राहावं म्हणून चिरलेल्या बांबूचा डेक. वाचताना डोळ्यापुढं उभं राहतं. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागेवर, आणि ही वल्ह्यांवर मागून येऊन ठोकणार. असली युक्ती आम्हा शंटिंगवाल्यांना लगेच कळते.

पण भाऊ, मी फिटर. मला आडवा छेद लागतो. किती फुटांवर किती रुंद, तळ किती वर उचलला, ते. ट्रिंकोमालीचा प्रत्येक छेद कागदावर मिळाला, गुराबाचं मला नुसतं वर्णन मिळालं. वर्णनावरून मी भाजी करू शकतो, जहाज नाही. गुराब करणाऱ्याच्या अंगात आधी जहाज हवं. तुमच्याकडचे होडी बांधणारे आहेत ना, त्यांचं ते काम. तुम्ही करा, बांबूच्या खिळ्या मी ओढून पाठवतो.

काचनळी सर, मीटर ७५ ऐवजी ६८ दाखवतो. सात कमी.

तिडका, अमळनेर · १७ मे

हा धागा वाचून बापानं विचारलं, “हाई काय शे?” मी सांगितलं, भुसावळला एक जण जहाज बांधतोय. बाप म्हणाला, “पानी कोठे शे?”

एक कामाचं: दोरखंडासाठी कापसाचा दोरा वापरणार असाल तर थांबा. मी शिंप्याचं काम करतो. सुती दोरा ओला झाला की ताणतो आणि सुकला की सैल पडतो, शिवाय त्याला लव येते आणि लवेवर धूळ. तुमच्या कूलरमध्ये रोज दोनदा दोरखंड सैल-घट्ट होईल, बारीक आडव्या काठ्या वाकतील. पॉलिस्टरचा दोरा घ्या, पीळ घालून जाडी वाढवा, मेणावरून एकदा ओढा. कापूस आपला असला तरी या कामाला नाही.

लोकोशेडवाला · ९ ऑगस्ट

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. पाऊस आहे, गाड्या लेट आहेत, वेळ आहे.

जुना फ्रीज मिळाला नाही. भाच्याच्या दुकानातून कूलर येतो ती थर्माकोलची मोठी पेटी आणली, चिकटपट्टीनं सांधे बंद केले, बाजूला काचेचा तुकडा बसवला म्हणजे उघडल्याशिवाय मीटर दिसेल. ओल्या फडक्यानं तासाभरात ८० पार. फडकं लहान केलं. मग रुमाल. शेवटी कळलं की औषधाच्या बाटलीचं झाकणभर पाणी एवढ्या पेटीला बास आहे. मीटरवर ४१ दिसला की खरे ४८. तिथं आणायला चार दिवस गेले.

आणि मग मी चोपड्याला लग्नाला गेलो. सौ. सोबत, घर बंद. निघताना काळजीपोटी झाकणाऐवजी वाटी ठेवली. तिसऱ्या दिवशी परत आलो तर आत मीटर ७९ आणि दोन सांगाड्यांवर पांढरी बुरशी, चंदेरी, बघायला सुंदर. स्पिरिटनं पुसली, पेटी उघडी टाकली, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दहा दिवसांचं काम तीन आठवडे चाललं.

पण फट मिटली! दीड मिलिमीटरची ०.६ वर आली. लहानांपैकी तीन तर दिसेनाशा झाल्या. उरलेल्यांत पाचरा घातल्या. पाचर तासायला मी रंधा वापरत होतो, जमेना, शेवटी दाढीच्या ब्लेडनं खरवडून कागदासारख्या केल्या. बसवल्यावर त्यांचा रंग जरा उजळ दिसत होता. लाखेच्या दुसऱ्या हातानंतर कुठली पाचर आणि कुठली पट्टी ते मलाही शोधावं लागतं. आतून दोन हात, बाहेरून तीन. आतला हात देताना सांगाड्यांच्या मधून ब्रश जाईना, म्हणून दात घासायच्या ब्रशाची मान तापवून वाकवली.

पहिला जोराचा पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. मी रोज सकाळी चहाआधी जहाजावरून हात फिरवायचो, सौ. म्हणायची ताप बघताय का. आज खोलीत मीटरला ८१, म्हणजे खरे ८८. मागच्या टोकाला, सुकाणूजवळ, एक पट्टी केसभर वर आली आहे. बाकी सगळं सपाट. ती पट्टी पाचर जास्त दाबून बसवली होती तीच, हे मला आठवतंय. सुतारदादांनी बोटानं म्हटलं होतं, मी पिनेच्या हातोडीनं एक टिचकी मारली होती.

कूलर आता पुढच्या खोलीत, माझी खोली पंख्यावर. पेटीचा तळकप्पा सौ.च्या जुन्या सुती साड्यांनी भरायचं ठरलं आहे, कुठल्या त्यावर अजून बोलणी चालू आहेत.

शिंपीभाऊ, पॉलिस्टरचा दोरा घेतला. पीळ घालायला जुन्या टेबल फॅनची मोटार जोडली, पहिल्याच दिवशी उलटी फिरली आणि दहा मीटर दोरा गुंडाळून गेला, ते नंतर कधी.

आता नवीन अडचण. ट्रिंकोमालीच्या नाळेवर पुतळा आहे, पागोटं घातलेल्या माणसाचा, छातीपर्यंतचा. माझ्या मापात डोकं जेमतेम सोयाबीनच्या दाण्याएवढं. सागात कोरला तर रेषा तुटतात, पागोट्याच्या घड्या निघतच नाहीत. तीन डोकी गेली.

सुतारदादा, नवापूर · ९ ऑगस्ट

साग कोरीव कामाला नाही दादा, त्याचा दाणा भरड. हळदू घ्या. आमच्या जंगलात होतो, पिवळसर, दाणा इतका बारीक की आधी त्याच्या मापपट्ट्या करायचे. सुईच्या टोकानं रेघ मारली तरी राहते. माझ्याकडं जुन्या लाटण्याचा तुकडा पडलाय, पुरेल तुम्हाला वीस डोक्यांना. एसटीनं पाठवू का रेल्वेनं?

लोकोशेडवाला · ९ ऑगस्ट

रेल्वेनंच पाठवा. सुरत-भुसावळ गाडीला कोणी ओळखीचं असलं तर हातोहात. मी स्टेशनवर येतो.

केळीवाला, रावेर · १० ऑगस्ट

घड्या सांभाळून. लग्नातला फेटा नका कोरू.